खोकला आला की लघवी सुटते? लाजून घरी बसू नका, हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे

पाहुण्यांच्या लग्नाचं आवतण येतं. घरातले सगळे जीपमध्ये बसतात आणि आजी ऐनवेळी म्हणते, "तुम्ही जा, मी राहते घरी. म्हशीचं कोण बघणार?" म्हशीचं बघायला शेजारी तयार असतो. खरं कारण वेगळंच असतं. दोन तासांचा रस्ता, मध्ये थांबायची सोय नाही, खड्ड्यात गाडी आदळली किंवा खोकल्याची उबळ आली की लघवीचे चार थेंब सुटतात. लुगडं ओलं होतं, वास येतो, चारचौघींत उठून उभं राहायची चोरी होते. त्यापेक्षा म्हैस बरी.

अशा बायका प्रत्येक गावात, प्रत्येक वाडी-वस्तीवर आहेत. कीर्तनाला जाणं सोडलेल्या, एसटीत बसायच्या आधी दिवसभर पाणी न पिणाऱ्या, लुगड्याच्या जुन्या घड्या आत बांधून शेतात खुरपायला जाणाऱ्या. पुरुषही आहेत. पायजम्यावर डाग दिसू नये म्हणून पारावर बसणं बंद केलेले. जगभरातल्या पाहण्यांचा अंदाज घेतला तर साधारण चार बायकांमध्ये एकीला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे तो काही विरळा नाही. विरळा आहे तो त्याविषयी तोंड उघडणारा माणूस.

डॉक्टरी भाषेत याला 'युरिनरी इनकॉन्टिनन्स' म्हणतात. साध्या भाषेत, लघवीवर ताबा न राहणं. "वय झालं, चालायचंच" असं म्हणून ते सोडून दिलं जातं. वय वाढलं की त्रासाची शक्यता वाढते हे खरं, पण वय हा आजार नाही. तीस वर्षांच्या, दोन लेकरं झालेल्या बाईलाही हा त्रास असतो आणि ऐंशीच्या कितीतरी म्हाताऱ्यांना तो अजिबात नसतो.

मुख्य गोष्ट अशी की लघवी गळणं एकाच प्रकारचं नसतं. प्रकार चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. एकीला लागू पडलेली गोळी दुसरीला उपयोगाची नसते, काही वेळा उलट त्रास वाढवते. म्हणून शेजारणीची गोळी मागून घेण्याआधी आपली गळती कुठल्या जातीची, हे कळायला हवं.

पिशवी, तोंड आणि बाजेची नवार

ओटीपोटात लघवीची पिशवी असते, तिला मूत्राशय म्हणतात. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. निम्मी भरत आली की मेंदूला पहिला निरोप जातो. दिवसभरात सहा ते आठ वेळा जाणं नेहमीचं आहे आणि उतारवयात रात्री एकदा उठावं लागलं तर काळजीचं काही नसतं.

पिशवीच्या तोंडाशी आवळून धरणारा स्नायू असतो. पण नुसत्या त्याच्यावर सगळं चालत नाही. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पट्टा ताणलेला असतो, अगदी नवारीच्या बाजेसारखा. लघवीची पिशवी, बायकांची गर्भपिशवी आणि शौचाची जागा हे सगळं त्या बाजेवर टेकलेलं असतं. नवार सैल पडली की बाज खाली झोळते आणि वरचं सगळं खाली लोंबतं. पिशवीच्या तोंडाला खालून मिळणारा आधार जातो. मग पोटावर थोडा जोर पडला तरी थेंब सुटतात. ही ताणाची गळती.

हंडा उचलला, शिंक आली की थेंब

बायकांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. खोकताना, शिंकताना, मोठ्यानं हसताना, हापसा मारताना, भरलेला हंडा कमरेवर घेताना, उसाची मोळी डोक्यावर चढवताना लघवी सुटते. आधी घाई लागलेली नसते. जोर पडला की गळतं, जोर थांबला की थांबतं.

बाळंतपण हे त्याचं मोठं कारण. कळा फार वेळ चालल्या, बाळ मोठं होतं, चिमटा लावावा लागला, किंवा कमी वयात लागोपाठ बाळंतपणं झाली की ही नवार ताणली जाते. त्यात बाळंतीण महिन्याच्या आत पाण्याला आणि सरपणाला जायला लागली तर ती भरून यायला वेळच मिळत नाही. पाळी जाण्याच्या वयात तिथली कातडी आणि स्नायू आणखी पातळ होतात. वाढलेलं वजन, जुनी बद्धकोष्ठता आणि जुना खोकला यांची भर पडते. चुलीच्या धुरानं वर्षानुवर्षं खोकणाऱ्या बाईच्या नवारीला दिवसातून शंभर वेळा दणका बसत असतो. तिच्या बाबतीत खोकल्याचा इलाज हा लघवीच्या इलाजाचाच भाग आहे.

यावर पहिला इलाज शस्त्रक्रिया नाही आणि गोळीही नाही. व्यायाम आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो लिहून प्रसिद्ध केला, म्हणून त्याला 'केगल व्यायाम' म्हणतात. पैसा लागत नाही, जागा लागत नाही, कुणाला कळतही नाही. तरीही तो नीट सांगितला जात नाही. कागदावर 'केगल करा' एवढं लिहून मिळतं आणि बाई घरी येऊन ते कशाशी खातात म्हणून विचारते.

तर तो असा. आधी झोपून, गुडघे वर करून सुरुवात करावी. लोकांत बसलो असताना वारा सरायला लागला तर आपण मागची जागा आवळून धरतो ना, तशी आवळायची आणि त्याच वेळी लघवी अडवायची असल्यासारखं पुढूनही आवळायचं. आतलं सगळं वर ओढलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. पोट, मांड्या आणि कुल्ले सैल राहिले पाहिजेत. श्वास रोखायचा नाही, मोजत मोजत आवळायचं म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. सुरुवातीला दोन-तीन आकडे धरता आलं तरी पुष्कळ. हळूहळू सहा ते आठ आकड्यांपर्यंत जायचं. जेवढं धरलं तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सोडणंही व्यायामाचाच भाग आहे. असं आठ ते दहा वेळा केलं की एक फेरी झाली. दिवसात तीन फेऱ्या.

जमायला लागलं की बसून, मग उभ्यानं. भाकरी थापताना, एसटीत, संध्याकाळची मालिका बघताना, कुठंही. एक युक्ती लगेच शिकून ठेवावी. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं, किंवा हंडा उचलायचा असला, की आधी आवळायचं आणि मग उचलायचं. एवढ्यानंही थेंब कमी होतात.

चुका दोन होतात. पहिली, वर ओढण्याऐवजी शौचाला बसल्यासारखा खाली जोर लावला जातो. त्यानं नवार आणखी सैल पडते. बरोबर होतंय की नाही हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लेडी डॉक्टरकडून एकदा तपासून घ्यावं. दुसरी चूक, लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा रोज सराव करणं. कुठला स्नायू ते ओळखायला एखाद वेळी केलं तर ठीक, पण ती सवय लावून घेऊ नये. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

आणि आठ दिवसांत गुण येत नाही. बहुतेक जणी इथंच सोडतात. फरक जाणवायला दीड-दोन महिने लागतात आणि निदान तीन महिने नेमानं केल्याशिवाय 'उपयोग झाला नाही' असं म्हणता येत नाही. शेतात पेरून आठव्या दिवशी कणीस कुणी शोधत नाही. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरवलं, म्हणजे सत्तर किलोच्या बाईनं चार-सात किलो कमी केलं, तरी गळतीत चांगला फरक पडतो.

काही जणींना गळतीबरोबर 'अंग बाहेर येण्याचा' त्रास असतो, म्हणजे गर्भपिशवी किंवा लघवीची पिशवी खाली सरकून बाहेर लागते. शस्त्रक्रिया नको असेल किंवा झेपणार नसेल तर आतून आधार देणारी रबरासारख्या मऊ पदार्थाची कडी डॉक्टर बसवून देतात. ती ठरावीक काळानं काढून धुवावी लागते. पाळी गेलेल्या बाईला योनीमार्गात लावायचं हार्मोनचं मलमही काही वेळा दिलं जातं, पण ते तपासणीनंतर आणि चिठ्ठीवरच घ्यायचं.

व्यायामानं भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे. लघवीच्या नळीखाली झोळीसारखा पट्टा बसवून तिला आधार देतात. तो पट्टा कृत्रिम जाळीचा असतो किंवा बाईच्याच अंगातल्या पडद्यापासून बनवलेला असतो. बहुतेकींना फायदा होतो. पण जाळी घासून दुखणं, नंतर लघवी अडकणं असे धोकेही आहेत. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारावं, पट्टा कशाचा, तुम्ही अशा किती केल्या, त्रास झाला तर पुढं काय? विचारण्यात अपमान नाही. अजून मूल हवं असेल तर ही शस्त्रक्रिया सहसा पुढं ढकलतात.

'पिशवी काढा' हा सल्ला मिळाला तर

इथं थोडं थांबायला हवं. लघवी गळते म्हणून दाखवायला गेलेल्या बाईला 'गर्भपिशवी काढून टाका, सगळे त्रास जातील' असं सांगितलं जाऊ शकतं. बोलताना दोन्हींना आपण 'पिशवी'च म्हणतो, त्यामुळे गोंधळ सोपा होतो. पण गर्भपिशवी वेगळी, लघवीची पिशवी वेगळी. नुसत्या लघवीच्या गळतीवर गर्भपिशवी काढणं हा इलाज नाही. उलट त्या शस्त्रक्रियेनंतर काहींना गळती नव्यानं सुरू होते. अंग बाहेर येत असेल तर गर्भपिशवी काढणं हा उपचाराचा एक भाग असू शकतो, पण तिथंही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या लघवीच्या गळतीसाठी काढल्या होत्या असं नव्हे. पण अंगावरून पाणी जाणं, ओटीपोट दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला थेट टेबलावर घेणं किती सहज होतं, हे त्यातून उघड झालं. लघवीची तक्रार घेऊन जाणाऱ्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घाई लागली की लागली

दुसरा प्रकार घाईचा. इथं खोकल्याचा संबंध नसतो. एकदम जोराची लागते आणि संडासापर्यंत पोचायच्या आत सुटते. नळाच्या पाण्याचा आवाज आला, गार पाण्यात हात घातला, लांबून घराचं दार दिसलं की लागते. दिवसात दहा-बारा वेळा, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. इथं नवार ठीक असते, पण पिशवी भरायच्या आधीच आकसते. काहींना दोन्ही प्रकार एकत्र असतात, खोकल्यानंही सुटते आणि घाईनंही.

याचा पहिला इलाज पिशवीला वळण लावणं. सध्या दर तासाला जावं लागत असेल तर घड्याळ लावून सव्वा तासानं जायचं. मध्ये घाई आली तर पळत सुटायचं नाही, तिथंच बसायचं, वर सांगितल्याप्रमाणे चार-पाच वेळा आवळायचं, मन दुसरीकडं लावायचं. घाई लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरल्यावर सावकाश चालत जायचं. आठ-दहा दिवस जमलं की आणखी पंधरा मिनिटं वाढवायची. तीन तासांपर्यंत पोचलं की जिंकलं. याला निदान सहा आठवडे लागतात. 'जाता जाता करून घ्यावी' म्हणून न लागता जाण्याची सवय मोडायची, कारण त्यानं पिशवीला कमी भरण्याचीच सवय लागते. याचं दुसरं टोकही वाईट. फडात किंवा रानात आडोसा नाही म्हणून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत लघवी धरून ठेवण्यानं जंतुसंसर्ग होतो.

चहा कमी करावा. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर दोनवर यावं आणि संध्याकाळनंतर नकोच. चहातल्या कॅफिननं लघवी वाढते आणि पिशवी चाळवते. तंबाखू, बिडी, दारू यांचाही फायदा काही नाही.

पाणी मात्र तोडू नये. ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो. पाणी कमी प्यायलं की लघवी पिवळी, घट्ट होते, ती पिशवीला जास्त चावते आणि घाई वाढते. शिवाय बद्धकोष्ठता होते, ती पिशवीवर दाब आणते. उन्हात राबणाऱ्या माणसाला तर मुतखड्याचं निमंत्रणच. घरात बसणाऱ्यानं दिवसाला दीड-दोन लिटर, उन्हात काम करणाऱ्यानं त्याहून जास्त पाणी प्यावं. रात्री उठावं लागत असेल तर झोपायच्या आधीच्या दोन-तीन तासांत कमी करावं, दिवसा नाही.

वळण लावून भागलं नाही तर गोळ्या आहेत. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडीन, सोलिफेनासिन या गोळ्या पिशवी सैल करतात. त्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं, नजर धूसर होते. काही म्हाताऱ्या माणसांना त्यांनी भ्रम होतो, विसराळूपणा वाढतो. काचबिंदू असेल तर आधी सांगावं. मिराबेग्रॉन नावाची दुसऱ्या जातीची गोळी आहे, तिनं तोंड कमी सुकतं पण बीपी वाढू शकतो. गोळ्यांनीही आराम नसेल तर मोठ्या रुग्णालयात पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. त्यांचा गुण काही महिनेच टिकतो, मग पुन्हा द्यावी लागतात.

आजोबांची थेंब थेंब लघवी

पुरुषांमध्ये चित्र वेगळं. पन्नाशीनंतर प्रोस्टेट नावाची गाठ वाढते आणि लघवीच्या वाटेत आडवी येते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते. पिशवी रिकामीच होत नाही. मग तुडुंब भरलेल्या माठासारखी ती वरून पाझरते. घरच्यांना वाटतं आजोबांना सारखी लघवी होते. प्रत्यक्षात लघवी तुंबलेली असते. जुन्या मधुमेहानं पिशवीच्या नसा बधिर झालेल्यांनाही असंच होतं, बाई असो की पुरुष.

अशा माणसाला घाईच्या प्रकारातली गोळी दिली तर लघवी पूर्ण अडकू शकते. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये म्हणतात ते यासाठी. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि दारूनंही प्रोस्टेटवाल्याची लघवी अचानक बंद पडते. तुंबलेली लघवी मागं साचून मूत्रपिंडं निकामी करते आणि ते बरेच दिवस कळत नाही.

इलाज आहे. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या वाट सैल करतात. त्या सुरू झाल्यावर एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी काठावर बसावं. फिनास्टेराइडसारख्या गोळ्या गाठ लहान करतात, पण त्यांना सहा महिने लागतात. नाहीच जमलं तर लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांना खोकताना लघवी सुटते. ती बऱ्याचदा काही महिन्यांत कमी होते आणि वर सांगितलेला आवळण्याचा व्यायाम पुरुषांनाही तितकाच लागू पडतो.

रात्रंदिवस गळत असेल तर

एक प्रकार कमी दिसतो, पण ज्या बाईच्या वाट्याला येतो तिचा संसार मोडू शकतो. खोकला नाही, घाई नाही, लघवी सतत झिरपत राहते, झोपेतसुद्धा. बाळ बरेच तास अडकून राहिलेलं अवघड बाळंतपण, सिझेरियन किंवा गर्भपिशवीची शस्त्रक्रिया झाल्यानंतर हे सुरू झालं असेल तर लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडलेलं असण्याची शक्यता असते. त्याला फिस्टुला म्हणतात. इथं व्यायाम, गोळ्या, काढे, काहीच चालत नाही. लगेच लक्षात आलं तर काही आठवडे नळी ठेवून लहान भोक भरून येतं, नाहीतर शस्त्रक्रियेनं बंद करावं लागतं. ती अनुभवी हातांनी व्हायला हवी, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठावं. हा बाईचा दोष नाही. अशी सून किंवा लेक घरात असेल तर तिची बाज वेगळी टाकण्याआधी तिला दवाखान्यात न्यावं.

संडास अंगणाच्या पलीकडे, नाडीला निरगाठ

काही म्हाताऱ्या माणसांची पिशवीही चांगली असते आणि नवारही. गुडघे धरलेले असतात, दिसत कमी असतं, संडास अंगणाच्या पलीकडे असतो आणि अंगणात अंधार असतो. पोचेपर्यंत होऊन जाते. आजोबांच्या पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसलेली असते. इथं औषध नको, सोय हवी. रात्रीचा दिवा, भिंतीला धरायला दांडी, नाडीऐवजी इलॅस्टिक, बाजेजवळ भांडं किंवा खालून मोकळी खुर्ची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन-तीन तासांनी विचारून भांडं दिलं तर निम्मी अंथरुणं कोरडी राहतात. त्याच्यावर ओरडू नये. लाजेनं माणूस सांगणंच बंद करतो.

आणि काही गळती तात्पुरती असते. जंतुसंसर्ग झाला, साखर वाढली, शौचाला आठवडाभर झालं नाही, बीपीसाठी लघवीची गोळी सुरू झाली, गरोदरपणाचे शेवटचे महिने आले, की लघवी सुटू शकते. मूळ कारण गेलं की तीही जाते. बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नये. ती सकाळी घेतली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारावं.

गळती बरी होईपर्यंत कपडा बांधावाच लागतो. तो सुती असावा, ओला झाला की बदलावा, साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवावा. लाजेनं दुसऱ्या कपड्याखाली सावलीत वाळत घातलेला कपडा ओलसर राहतो आणि त्यानं चट्टे उठतात. जागा साध्या पाण्यानं धुऊन, टिपून कोरडी करून खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा हात लावावा. डेटॉल लावू नये.

दवाखान्यात जाताना

जायच्या आधी तीन दिवस एक वही करावी. किती वाजता पाणी किंवा चहा घेतला, किती वाजता लघवीला गेलं, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतो. मोजायला पाण्याची जुनी बाटली खुणा करून वापरता येते. लिहिता येत नसेल तर नातवाला मोबाईलवर टिपायला सांगावं, किंवा रेघा ओढाव्यात. ही वही बघून डॉक्टरांना निम्मं निदान तिथंच होतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत.

पहिल्या तपासण्या साध्या असतात, लघवी आणि साखर. मग लघवी करून आल्यावर सोनोग्राफी, म्हणजे पिशवीत किती उरली ते दिसतं. बाईला खोकायला सांगून आतून तपासतात. पिशवीतला दाब मोजणारी मोठी तपासणी प्रत्येकाला लागत नाही. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी, तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शस्त्रक्रिया सांगितली आणि ती बाहेर करायची असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. माहितीसाठी १०४ हा आरोग्य विभागाचा क्रमांक आहे.

काही वेळा मात्र वही करत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. लघवीतून रक्त पडणं, थंडी वाजून ताप आणि कमरेत दुखणं, लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगणं. आणि कमरेत कळ येऊन पाय लुळे पडणं, बैठकीची जागा बधिर होणं, लघवी-शौचाचा ताबा एकाएकी जाणं, यात मणक्यातली नस दबलेली असू शकते. तिथं तासांचा हिशोब असतो, १०८ ला फोन करावा.

बऱ्याच जणी दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत येतात, कारण केसपेपरच्या खिडकीवर 'काय होतंय?' असं विचारतात आणि मागं गावातलीच माणसं रांगेत असतात. तिथं आजार सांगायची गरज नाही. "लेडी डॉक्टरला दाखवायचंय" एवढंच म्हणावं. लेडी डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आशाताईला आधी विचारून ठेवावं, आणि एकटीला जड वाटत असेल तर तिलाच सोबत घेऊन जावं.